शनिवारचा चहा

"अण्णा, तुमच्यानंतर कोण?"

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला कुठं कुठं विचारला गेला त्याची गंमत सांगतो. सलूनमध्ये अर्ध्या गालाला साबण असताना विचारला गेला. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना अक्षता मुठीत धरून व्याह्यांनी विचारला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तर मशिनीवर हनुवटी टेकवायला लावली, हलायचं नाही म्हणून दम दिला आणि मग विचारला. ऐकणाऱ्याला वाटावं, हा कुठल्या तरी संस्थानाचा राजा असावा. मी आपला वडगावच्या एका फुटबॉल क्लबचा मॅनेजर. टिळकवाडीतल्या एका शाळेत पी.टी. शिकवायचो, तिथून वेळेवर निवृत्त झालो. क्लबमधून निवृत्त व्हायला मात्र सत्तावीस वर्षं लागली.

या अंकाच्या संपादकांनी कारकीर्द लिहा म्हणून सांगितलंय. आम्ही जिंकलेले कप क्लबच्या काचेच्या कपाटात आहेत. चावी कोपऱ्यावरच्या पानपट्टीत असते, ज्याला बघायचे त्यानं मागून घ्यावी. मी या प्रश्नाचं उत्तर कसं सापडलं तेवढंच लिहिणार आहे. ते सापडलं चहात.

आमच्या क्लबच्या शर्टावर धोट्याचं चित्र आहे. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो धोटा. वडगावात घरोघरी माग, त्यामुळं आमची निम्मी टीम मागावरची. क्लबचं कागदोपत्री नाव लांबलचक आहे, पण सगळं बेळगाव आम्हाला धोटा क्लब म्हणूनच ओळखतं.

टीव्हीवर जो मॅनेजर दिसतो तो कोट घालून, च्युइंगम चघळत उभा असतो. आमच्याकडचा मॅनेजर लिंबं कापतो, तुटलेल्या बुटाला चिकटपट्टी लावतो, पोराला रविवारी मागावरून सोडा म्हणून त्याच्या बापाची मनधरणी करतो. ही कामं कुणालाही जमतात. खरं काम एकच, अठरा पोरांतून अकरा निवडायची. म्हणजे सात जणांना बसवायचं. खेळायला कसं लावायचं ते शिकवणारे कोर्स आहेत. बसवायचं कसं हे कुठंही शिकवत नाहीत.

मीही पहिल्या वर्षी चुकलो. टीमची यादी क्लबच्या दाराला चिकटवली आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी यल्लव्वा आक्का माझ्या दारात. त्यांचा थोरला, बसवराज, आमचा लेफ्ट बॅक. त्याचं नाव यादीत नव्हतं. त्यानं ते गल्लीतल्या दहा जणांसमोर वाचलं होतं.

"मास्तर, पोरगं जेवंना झालंय," आक्का म्हणाल्या. "तुमी कागूद डकवलासा. घरला येऊन दोन शब्द सांगितला असतासा तर काय पाय झिजलं असतं?"

त्या दिवसापासून मी नियम केला. जो खेळणार त्याला मैदानावर कळेल, शर्ट हातात पडला की. जो बसणार त्याला मी शनिवारी संध्याकाळी घरी जाऊन सांगणार, चहा घेऊन.

हळूहळू त्याचीही एक रीत ठरत गेली. उभ्या उभ्या सांगायचं नाही. आधी घरच्यांची चौकशी करायची. निम्मा कप झाला की सांगायचं, आणि उरलेला निम्मा सांगून झाल्यावर प्यायचा, तिथंच, त्याच्यासमोर. सांगून पळून यायचं नाही. खोटी आशा दाखवायची नाही. पोरगा हमखास विचारतो, "उद्याच, का कायमचं?" त्याला ठरलेलं उत्तर द्यायचं, "आत्ता मला ठाऊक नाही. कळलं की इथंच येऊन सांगीन."

वडगावात याचा असा बोभाटा झाला की शनिवारी माझी स्कूटर गल्लीत वळली की बायका दारं लोटून घ्यायच्या. यल्लव्वा आक्का त्यात वस्ताद. मला बघितलं की उंबऱ्यातच म्हणायच्या, "अण्णा, दूध फाटलंय बघा आज." म्हणजे चहा नाही, म्हणजे पोरगा बसणार नाही. मी म्हणायचो, "कोरा चालंल." मग त्या निमूट आत जायच्या आणि इतका कडू चहा आणायच्या की निम्म्या कपापर्यंत पोचणं मुश्कील.

सगळ्यात जास्त शनिवार मी ज्या घरी चहा प्यालो ते घर वडगावात नव्हतं, उचगावात होतं. भरमाचं घर. भरमा आमचा दुसरा गोलकीपर. बाहेरच्यांसाठी सांगतो, बाकीच्या बसलेल्या पोरांना निदान दुसऱ्या हाफमध्ये उतरायची आशा असते. दुसऱ्या गोलकीपरला तीही नाही. पहिल्याचं बोट मोडेपर्यंत त्यानं वाट बघायची, आणि पहिला त्याचाच दोस्त असतो, म्हणून बोट मोडो असं मनातही आणायचं नाही. आमचा पहिला गोलकीपर विनायक, पोलादी बोटांचा. त्यामुळं भरमा नऊ वर्षं बसला.

उचगावला जायची खरं तर गरज नव्हती. न जाताही त्याला ठाऊक असायचं. पण नियम तो नियम. भरमाचे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, शेतातून आलेले असायचे, पाय धुऊन माझ्याबरोबर चहाला बसायचे. भरमा टिळकवाडीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा, आणि रविवारी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर. मॅच सुरू झाली की बाकावरून सगळी मॅच तोच बोलायचा. बॉल सोडून दे म्हणायला आमचे गोलकीपर कानडीत "बिडू, बिडू" ओरडतात. ते विनायकच्या आधी बाकावरून भरमाच ओरडायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा.

आणि अशा माणसाच्या बाबतीत मी नियम मोडला.

निपाणीच्या एका स्पर्धेत आम्ही फायनलला गेलो होतो. विनायकचं बोट खरंच मोडलं होतं आणि आधीच्या दोन्ही मॅच भरमानं काढल्या होत्या. गुरुवारी प्रॅक्टिसनंतर मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "रविवारी तूच." शुक्रवारी विनायक बोटाची पट्टी सोडून आला. त्याला दहा बॉल मारले, दहाही अडवले. मी मनात टीम बदलली.

शनिवारी उचगावला जायला स्कूटर काढली. वाटेतल्या हिंडलग्यापर्यंत गेलो आणि एका टपरीपाशी थांबलो. गुरुवारी दिलेला शब्द आठवला, आप्पांचं तोंड डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, उद्या सगळे एकाच बसमध्ये असणार, तेव्हा सांगू. आणि परत फिरलो. बसमध्येही सांगितलं नाही. पोरं गाणी म्हणत होती.

निपाणीच्या मैदानावर उचगावहून टेंपो भरून माणसं आली होती. भावकी, शेजारी, भरमाच्या आत्या. मी शर्ट वाटायला सुरुवात केली आणि एक नंबरचा शर्ट विनायकच्या हातात दिला. भरमा खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्यानं मान वर करून बघितलं, नाडी पुरी बांधली, मग उठला. त्याच्या हातात नवे कोरे हातमोजे होते, आप्पांनी फायनलसाठी घेतलेले. विनायकचे जुने, अंगठ्याला उसवलेले. भरमानं आपले मोजे त्याला दिले.

"हे घाल रं. तुज्या बोटाला जरा आधार व्हईल."

आम्ही एक-शून्यनं जिंकलो. शेवटच्या मिनिटाला विनायकनं एक बॉल बोटांच्या टोकानं बाहेर काढला, भरमाच्या मोज्यांत. पोरं मला खांद्यावर घेऊन नाचत होती तेव्हा गर्दीतून आप्पा आले. मला खाली उतरू दिलं. रागावलेले दिसत नव्हते.

"अण्णा," ते म्हणाले, "आमच्या घरचा च्या गोड लागंना झाला व्हय?"

त्यानंतर कैक वेळा मी आप्पांना मैदानावर बघितलं. समोरच्या बाजूच्या दगडी पायऱ्यांवर ते एकटे बसायचे, पोरगा खेळत नसताना पोराची मॅच बघायला यायचे. मी लांबून हात करायचो, ते हात करायचे. भरमा पुढच्याच मंगळवारी प्रॅक्टिसला आला. तो विषय त्यानं काढला नाही, मीही काढला नाही. माफी मागायला मला तोंड नव्हतं, खरं सांगायचं तर तेवढी छाती नव्हती. निपाणी माझ्या बायकोचं, सुमनचं माहेर, पण पुढची दोन वर्षं मी सासुरवाडीला जायला टाळाटाळ केली.

आता मूळ प्रश्नाकडं येतो.

माझे गुडघे बोलायला लागले तेव्हा क्लबचे अध्यक्ष शिवाप्पा घरी आले. त्यांचे स्वतःचे पॉवरलूम आहेत, माणूस मोकळा. "अण्णा, तुमी फकस्त नाव सांगा. हार आमी घालतो," म्हणाले.

नाव माझ्या मनात तयार होतं, प्रकाश. आमचा सेंटर फॉरवर्ड, बेळगावात त्याच्यासारखा गोल मारणारा मी बघितला नाही. बेंगळुरूला जाऊन खेळून आला, ट्रेनिंगचं लायसन्स घेऊन आला. गळ्यात शिट्टी, हातात टॅबलेट, पोरं त्याच्या शब्दावर पळायची. भरमाही तोवर खेळणं थांबवून गोलकीपरांना तयार करायला येत होता, पण त्याचं नाव कुणाच्या तोंडात नव्हतं. माझ्याही नव्हतं. कारण सांगतो. प्रकाशमध्ये मला तरुणपणचा मी दिसायचो. म्हाताऱ्या माणसाला वारस निवडायला सांगितलं की तो आरसा शोधतो.

मला भीती एवढीच होती की सत्तावीस वर्षं एकच माणूस राहिला की नंतर येणाऱ्याचे हाल होतात. जिंकलं तर जुन्याची पुण्याई, हरलं तर नव्याचा गाढवपणा. म्हटलं, प्रकाश तगडा आहे, तो हे सोसेल.

तेवढ्यात गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी महिनाभर घरात पडलो. टीम प्रकाश आणि भरमा मिळून बघत होते. तीन मॅच झाल्या, तिन्ही जिंकल्या. प्रकाश टीमची यादी शनिवारी सकाळी ग्रुपवर टाकायचा, नावापुढं हिरवी खूण नाहीतर लाल. छान, सुटसुटीत. मीही अंगठा पाठवायचो.

तिसऱ्या आठवड्यात यल्लव्वा आक्का मला बघायला आल्या. आता त्यांचा नातू, बसवराजचा संतोष, आमचा लेफ्ट बॅक. पिशवीतून दोन पपया काढून ठेवल्या आणि कमरेवर हात देऊन उभ्या राहिल्या.

"अण्णा, तुमी हांतरुणाला खिळलासा, म्हटलं चला, आता तरी आमचं दूध फाटायचं न्हाय. तर कसलं काय. शनवारी तुमचा भरमा आलता."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? संतोषला बसवलाय म्हणून सांगायला. आमाला फोनात आदीच कळलंवतं की लाल टिकली हाय म्हणून. तरी आला. फाटलंय म्हटलं तर म्हणतोय, कोरा चालंल. पोराबर अर्धा तास बसला. आनि आमचंच घर न्हाय, सात घरं फिरला म्हणं."

भरमानं मला यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं. ज्या घरी मी गेलो नाही त्याच घरातला माणूस माझ्या जागी सात घरं फिरत होता.

पहिल्यांदा काठी घेऊन बाहेर पडलो तो टिळकवाडीत प्रकाशच्या फ्लॅटवर. शनिवार नव्हता, तरी चहाच घ्यायचा होता. प्रकाश आयुष्यात कधी बसला नव्हता, त्यामुळं त्या घरी मी असा कधी गेलोच नव्हतो. त्याच्या आईला केवढा आनंद झाला. "अण्णा, पयल्यांदा घरला आलासा," म्हणून त्यांनी उप्पीट केलं, वर खोबरं घातलं. प्रकाशच्या हातात मात्र उप्पिटाची बशी तशीच राहिली. त्याला कळलं होतं.

निम्मा कप झाल्यावर मी सांगितलं, माझ्यानंतर भरमा. त्यानं बशी खाली ठेवली.

"मला राग आलाय, अण्णा," म्हणाला. "पर तुमी कुणाला घेतलासा त्याचा न्हाय. म्या कवा बसलोच न्हाय. आता कसं बसायचं ते मला ठावच न्हाय."

उरलेला निम्मा कप मी तिथं बसून प्यालो. त्याच्या आईला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रकाश महिनाभर मैदानाकडं फिरकला नाही. मग आला, आता फॉरवर्डच्या पोरांना शिकवतो. अजून माझ्याशी जरा तोडूनच बोलतो, आणि ते बरोबर आहे.

भरमाला मी लॅबच्या पायऱ्यांवर गाठलं. तो पांढऱ्या कोटात बाहेर आला, ऐकून तिथंच बसला.

"मी, अण्णा? मी किती मॅच खेळलोय ते बोटावर मोजता येत्यात."

"बाकावरनं किती बघितल्यास ते मोज की," मी म्हणालो. "आणि मी हाय. तुझ्या शेजारी बाकावर बसतो. काय लागलं तर सांगीन."

तो उठला, कोट झटकला आणि आत गेला. मी आपलं गृहीत धरलं की हो म्हणाला.

हार घातले, फोटो निघाले, आणि सीझनच्या आधी एक सरावाची मॅच झाली. मी भरमाच्या शेजारी बसलो होतो. संतोषला भरमानं हातानं मागं थांब म्हणून सांगितलं. संतोषनं भरमाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. मला डावीकडं मोकळी जागा दिसत होती. सवयीनं माझा हात वर गेला, पुढं जा. तो गेला, आणि त्यातून गोल झाला. मी खूश होऊन भरमाच्या पाठीवर थाप मारली. तो हसला, पण मैदानाकडंच बघत राहिला.

सीझनची पहिली मॅच रविवारी होती. शनिवारी सुमननं माझं क्लबचं जाकीट इस्त्री करून खुंटीला लावलं. मी पेपर वाचत बसलो होतो. दारात स्कूटर थांबली. सुमन दार उघडायला गेली आणि उंबऱ्यातच थबकली. बाहेर भरमा होता. या घरात माझ्या शनिवारांचा अर्थ तिच्याइतका कुणाला ठाऊक नाही.

"भरमा," ती म्हणाली, "दूध फाटलंय रे आज."

"कोरा चालंल, आक्का," तो म्हणाला.

तो आत येऊन खुर्चीत बसला. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, सुमनच्या भावाची केली. त्याची नजर खुंटीवरच्या जाकिटावर गेली आणि परत आली. चहा आला. मी त्याच्या कपाकडं बघत होतो. कधी नव्हे ते मला वाटलं, यानं सावकाश प्यावा. निम्मा झाला आणि त्यानं कप खाली ठेवला.

"अण्णा, उद्या बाकावर तुमी न्हाईसा."

मी खुंटीवरच्या जाकिटाकडं बघितलं.

"पोरं माज्याकडं बघत न्हाईत," तो म्हणाला. "तुमच्याकडं बघत्यात. तुमी हात केलासा, संतोष म्होरं गेला. गोल झाला ती गोष्ट येगळी."

मला राग आला. सत्तावीस वर्षं डोक्यात आली, तोंडात बरंच काही आलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच, सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं.

"उद्याच, का कायमचं?"

भरमानं माझ्याकडं सरळ बघितलं. त्याचे डोळे भरले होते, आवाज मात्र हलला नाही.

"आत्ता मला ठाव न्हाय. कळलं की हितंच येऊन सांगीन."

मग त्यानं कप उचलला आणि उरलेला चहा माझ्यासमोर बसून प्यायला. सुमननं त्यात साखर घातली नव्हती, मला त्याच्या तोंडावरून कळत होतं. शेवटच्या घोटापर्यंत संपवला. वाकून माझ्या पायाला हात लावला आणि गेला. मी त्याला थोपटलंही नाही. मी उठून गेल्यावर सगळी पोरं करत असतील तेच केलं, भिंतीकडं बघत बसलो. थोड्या वेळानं मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. सुमन जाकीट खुंटीवरून काढून घडी घालत होती. मी म्हणालो, "सुमे, मी बरोबर माणूस निवडला." ती म्हणाली, "ते मला दिसतंय. पण आज मला त्याचा राग आलाय, तो राहू दे."

रविवारी घरात बसवेना. साधा शर्ट घालून मैदानावर गेलो. बाकाकडं बघितलं नाही, उलट्या बाजूनं फिरून समोरच्या दगडी पायऱ्यांकडं गेलो. तिथं आप्पा बसलेले, नेहमीच्या जागी, शेजारी पिशवी. पोरगा मॅनेजर झाला तरी जागा बदलली नव्हती. मला बघून ते जरा सरकले. मी बसलो.

"हितनं मॅच लई लांब दिसती, न्हवं?" आप्पा म्हणाले.

"व्हय आप्पा," मी म्हणालो. "मला ठाऊक नव्हतं." मग जे निपाणीत बोलायचं राहिलं होतं ते बोललो. "त्या शनिवारी मी निघालो होतो. हिंडलग्यातनं परत फिरलो. तुमच्या घरला यायची माझी छाती झाली नाही. चुकलो मी."

आप्पांनी मान हलवली. समोर टीम उतरत होती. भरमा बाकापाशी उभा होता, शेजारची जागा रिकामी. आप्पांनी पिशवीतून फ्लास्क काढला, झाकणात चहा ओतला आणि माझ्यापुढं धरला.

"घ्या. आमच्या घरचा हाय."

साखर चांगलीच जास्त होती. शिट्टी वाजायच्या आत मी तो संपवला आणि झाकण परत पुढं केलं.